पहिलं अक्षर

मी लिहिलं "अजून काम चालू आहे" आणि पडद्यावर उमटलं "जून काम चालू आहे". निरोप पाठवायच्या आधीच ते दिसलं, मी दुरुस्त केलं, विषय तिथेच संपायला हवा होता. पण तो डोक्यातून जाईना, कारण ते 'अ' मी दाबलं होतं याची मला पक्की खात्री होती. बोट तळापर्यंत गेलं होतं, बोटाखाली ओळखीचा झटका बसला होता आणि 'टक्' असा आवाजही झाला होता. दुसऱ्या कुठल्या कीबोर्डवर असं झालं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. रबरी बटणांवर बोट कधी नीट पडतं, कधी पडत नाही. पण हा आयबीएमचा मॉडेल एम आहे, १९८९ सालचा. याच्यावर आवाज झाला म्हणजे अक्षर गेलं, असा आमच्यातला जुना करार आहे. त्या संध्याकाळी आवाज झाला आणि अक्षर गेलं नाही. वायर काढून मी त्याला वायरलेस केला, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

हा करार कुठून आला ते एखाद्या बटणाची टोपी काढून पाहिलं की कळतं. आत एक बारीक उभी स्प्रिंग असते आणि तिच्या तळाशी प्लास्टिकची छोटी पाती. बटण दाबायला लागलं की स्प्रिंग आधी नुसती दबते, बोटाला विरोध करते, आणि मग एका क्षणी तिला सरळ उभं राहणं जमत नाही. ती मध्येच बाजूला वाकते आणि नळीच्या भिंतीवर आपटते. आपल्याला ऐकू येतो तो हाच आवाज. त्याच क्षणी तळाची पाती कलंडते आणि खालच्या मेम्ब्रेनचे, म्हणजे विजेच्या रेघा असलेल्या पातळ प्लास्टिकचे, दोन थर एकमेकांना टेकवते. म्हणजे आवाज, बोटाला बसणारा झटका आणि विजेचा संपर्क हे सगळं त्या एका वाकण्यातून होतं. आयबीएममधल्या रिचर्ड हॅरिस या अभियंत्याने सत्तरच्या दशकात या रचनेची पेटंटं घेतली. १९८१च्या पहिल्या पीसीबरोबर आलेल्या कीबोर्डात पातीखाली कपॅसिटरचा बोर्ड होता. १९८५पासूनच्या मॉडेल एममध्ये त्याऐवजी स्वस्तातलं मेम्ब्रेन आलं, पण वाकणारी स्प्रिंग तशीच राहिली. हल्लीच्या बऱ्याच 'क्लिक' करणाऱ्या स्विचांमध्ये आवाजासाठी वेगळा तुकडा बसवलेला असतो. तिथे आवाज एका ठिकाणी होतो आणि संपर्क त्याच्या जरा मागेपुढे. वापरायला ते वाईट नाहीत. पण या स्प्रिंगेवर लिहिल्यावर त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास कधी बसला नाही.

कार्यालयातली जुनी यंत्रं निकालात निघाली तेव्हा हा कीबोर्ड माझ्याकडे आला. त्याआधी तो आमच्या बाईंचा होता. बाईंचा हात टाइपरायटरवर तयार झालेला, त्यामुळे त्या बटणं दाबत नसत, ठोकत असत, आणि मॉडेल एमला ते मानवायचं. मी तेव्हा नवी होते. माझं टेबल त्यांच्या पाठीमागे होतं आणि त्यांच्या आवाजावरून मला कामाचा अंदाज यायचा. आकडे भरताना एका लयीत टकटक चालायची, पत्र लिहिताना ती मध्येच थांबायची, मग एंटरचा जाड ठोका. विचार करताना त्या कीबोर्डची गुंडाळीदार वायर तर्जनीभोवती फिरवत बसायच्या. फाइल उघडायला जागा हवी असली की कीबोर्ड एका हाताने मॉनिटरखाली ढकलायच्या, आणि परत ओढून घेताना मनगटाला बारीकसा हिसका द्यायच्या, म्हणजे टेबलाच्या कडेला अडकलेली वायर सुटून यायची. तो हिसका मला अजून आठवतो, आणि त्यांच्या टेबलावर काय काय ठेवलेलं असायचं ते मात्र आठवत नाही.

वायरलेस करायचं कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, आणि जुन्या कीबोर्डांवर प्रेम करणाऱ्यांनी जास्त कळवळून विचारलं. कारणं साधी होती. त्या वायरीचं बाहेरचं आवरण ताठरलं होतं, वळणांवर तडे गेले होते. तिच्या टोकाचा गोल प्लग खुपसायला नव्या संगणकांवर जागाच नाही. आणि मला टेबल सोडून खुर्चीत रेलून, समोर टॅबलेट ठेवून लिहायचं होतं. नवी वायर, नवा अडॅप्टर हे मार्ग होतेच. पण तसं केलं असतं तर तो टेबलावरच राहिला असता, मी टेबलावर कमी बसते, आणि हळूहळू तो शोभेची वस्तू झाला असता. मला तो वापरात हवा होता. फक्त एक अट मी स्वतःला घातली: परत पूर्ववत करता येणार नाही असं काहीही करायचं नाही. केस कापायची नाही, भोक पाडायचं नाही, मूळ बोर्डाला सोल्डरिंगचं टोकसुद्धा लावायचं नाही.

आयबीएमला वायर नसलेला कीबोर्ड सुचला नव्हता असं नाही. १९८४ साली बाजारात आलेल्या पीसी ज्युनियर या संगणकाचा कीबोर्ड इन्फ्रारेडवर चालायचा, चार पेन्सिल सेलवर. कंपनीला त्याचं कौतुकही फार होतं. पण त्याची बटणं कॅल्क्युलेटरसारखी सुटी, चपटी होती आणि लोकांना ती इतकी नापसंत पडली की त्याच वर्षी कंपनीला दुसरा कीबोर्ड द्यावा लागला. त्या कीबोर्डसाठी वेगळी वायरसुद्धा विकत मिळायची. एका खोलीत दोन-चार ज्युनियर असले की एकाचा किरण दुसऱ्याच्या संगणकाला लागायचा. पुढच्याच वर्षी मॉडेल एम आला. याची बटणं आजवर नावाजली जातात, आणि वायर आहेच. चांगली बटणं आणि मोकळेपणा त्या काळी एका कीबोर्डात आले नाहीत. माझ्या टेबलावर ते एकत्र आणायचं म्हणजे त्या दोन वर्षांमधली फट बुजवायची, असं मला उघडपणे वाटत होतं आणि त्याचा आनंदही होता.

उघडायला ५.५ मिलिमीटरचा, लांब नळीचा बॉक्स पाना लागतो, कारण चारही स्क्रू खोल विहिरीत बसलेले असतात. झाकण निघालं तेव्हा आतून धूळ आली आणि तिच्याबरोबर काळ्या प्लास्टिकचे चार-दोन बारीक तुकडे घरंगळले. ती रिव्हेटांची डोकी. स्प्रिंगांची चौकट, मेम्ब्रेन आणि मागचा वळणदार पोलादी पत्रा यांना एकत्र धरणारे हे प्लास्टिकचे रिव्हेट वयानुसार तुटतात. हलवल्यावर कीबोर्ड खुळखुळला तर समजायचं. माझ्या कीबोर्डाचे बहुतेक शाबूत होते. एका कोपऱ्यात मूळ सर्किट बोर्ड आणि त्यात वरून खोचलेल्या मेम्ब्रेनच्या पट्ट्या. एक सोळा रेघांची, एक आठ रेघांची, आणि दिव्यांसाठी चार रेघांची. या पट्ट्या काढताना जीव मुठीत धरावा लागतो. तीस-पस्तीस वर्षांचं ते पारदर्शक प्लास्टिक कडक झालेलं असतं. एक घडी पडली की त्यावरची चांदीसारखी रेघ तुटते आणि बटणांची एक अख्खी ओळ मुकी होते. दोन बोटांत धरून सरळ वर, अजिबात न वाकवता. मी श्वास रोखून काढल्या.

सुरुवातीला मात्र त्या काढाव्याच लागणार नाहीत असा माझा बेत होता. मूळ बोर्ड तसाच ठेवायचा, तो त्याच्या जुन्या भाषेत बोलत राहील आणि शेजारी बसवलेली छोटी ब्लूटूथ चिप ते ऐकून पुढे सांगेल. ती जुनी भाषा मला फार आवडली. 'ए'चं बटण दाबलं की मूळ बोर्ड '१सी' हा संकेत पाठवतो आणि सोडलं की 'एफ०' आणि मागोमाग पुन्हा '१सी'. प्रत्येक बाइट अकरा बिटांच्या रांगेत, जेमतेम एका मिलिसेकंदात. म्हणजे तो घटना सांगतो: हे खाली गेलं, हे वर आलं. नव्या पद्धतीत कीबोर्ड घटना सांगत नाही, अवस्था सांगतो: या क्षणी ही बटणं दाबलेली आहेत. त्यामुळे मधल्या चिपला सगळं लक्षात ठेवावं लागतं. बटण धरून ठेवलं की अक्षर पुन्हा पुन्हा पाठवायचं कामसुद्धा जुना कीबोर्ड स्वतः करायचा. आता ते संगणक करतो. पॉझचं बटण तर सर्वांहून निराळं. त्याला सोडल्याचा संकेतच नाही, दाबताक्षणी आठ बाइटांची एक लांब माळ येते आणि संपतं. ही माळ लॉजिक अॅनालायझर, म्हणजे विजेचे संकेत टिपणारं उपकरण, लावून पडद्यावर पाहिली तेव्हा मला भरून आलं. बाईंच्या प्रत्येक ठोक्यामागे हे इतकं चाललेलं असायचं आणि आमच्यापैकी कुणालाच त्याची गंधवार्ता नव्हती.

तो बेत विजेने मोडला. मूळ बोर्ड पाच व्होल्टवर चालतो आणि मीटर लावून पाहिलं तर तो शंभर मिलिअँपिअरच्या आसपास वीज घेत होता, कुणी बटण दाबो वा न दाबो. २००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण ७.४ वॅट-तास; व्होल्टेज वाढवताना वाया जाणारं धरलं तर एक दिवसही पुरेना. त्याचा पुरवठा मध्ये मध्ये तोडावा, तर बंद पडलेल्या बोर्डाला बटण दाबल्याचं कळणार कसं? आणि पुन्हा वीज दिली की तो आधी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ स्वतःची तपासणी करत बसतो, तिन्ही दिवे एकदा लुकलुकवतो, मगच बोलायला लागतो. त्याची बांधणी झाली त्या काळात वीज वायरीतून येतच राहायची. ती मोजायचं त्याला कारणच नव्हतं.

म्हणून मूळ बोर्ड काढून जपून ठेवला आणि नवी चिप थेट मेम्ब्रेनला जोडली. एनआरएफ५२८४० नावाची ही चिप मुळात अशाच कमी विजेच्या कामांसाठी केलेली आहे. मेम्ब्रेनच्या रेघा चोवीस आणि माझ्या छोट्या बोर्डावर तेवढ्या पिन नाहीत, तेव्हा सोळा उभ्या रेघांसाठी थोड्या पिनांवरून जास्त रेघा हाताळणाऱ्या, ७४एचसी५९५ जातीच्या दोन शिफ्ट रजिस्टर चिप वापरल्या आणि आठ आडव्या रेघा थेट घेतल्या. पट्ट्या खोचायला तशाच खाचा असलेले कनेक्टर मिळाले, त्यामुळे मेम्ब्रेनला काही करावं लागलं नाही. या मेम्ब्रेनमध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, नाहीत. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबली तर चौथ्या कोपऱ्यातलं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं भासतं. जुना बोर्ड अशा वेळी गप्प बसायचा, खोटं अक्षर बाहेर पडू द्यायचा नाही. नव्यात तो शहाणपणा आपण लिहिला तरच असतो, आणि तो लिहिताना जुन्या बोर्डाबद्दलचा माझा आदर वाढला.

मग अँटेना. सगळं आत बसवून झाकण लावलं तर जोडणी हातभर अंतरावर तुटायला लागली. कारण उघड होतं. कीबोर्डच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादाचा पत्रा आहे, आणि ब्लूटूथची लहर, जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीची, पत्र्याआड बसून बाहेर कशी पडणार? याच पत्र्यामुळे तो दोन किलोंहून जड आहे, टेबलावर सरकत नाही, आवाज असा भरीव येतो. तो काढायचा प्रश्नच नव्हता. पत्रा कुठे संपतो ते बोटांनी चाचपत गेले, तर मागच्या बाजूला जिथे वायरीचं सॉकेट बसायचं तिथे एक चौकोनी खिडकी, भोवती नुसतं प्लास्टिक. चिपचं अँटेनाचं टोक बरोबर त्या खिडकीत आणलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जोडणी टिकली. चार्जिंगचं सॉकेटही तिथेच बसलं. काही कापावं लागलं नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर ते 'अ' हरवलं.

शोधायला फार वेळ लागला नाही. मी पंधरा मिनिटांहून जास्त वेळ काही टाइप केलं नव्हतं आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, तेवढ्या वेळाने गाढ झोपेची वेळ लावलेली होती. गाढ झोपेत चिप जवळजवळ बंदच असते, विजेचा खर्च नाममात्र. सगळ्या उभ्या रेघांवर व्होल्टेज सोडून ठेवलेलं असतं. कुठलंही बटण दाबलं की एखादी आडवी रेघ जागी होते आणि चिपला उठवते. पण उठणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं. मग टॅबलेट शोधायचा, ओळख पटवायची, सांकेतिक किल्ली जुळवायची, तेव्हा कुठे पहिलं अक्षर पाठवता येतं. ज्या बटणाने जागं केलं ते या गडबडीत कुणाच्याच नोंदीत नसतं. स्प्रिंग वाकली, पाती कलंडली, थर टेकले, कीबोर्डने आपलं काम चोख केलं. ऐकायला मात्र कुणी जागं नव्हतं.

तेव्हा मला त्या वायरीची किंमत कळली. इतकी वर्षं मी तिला अक्षरं वाहून नेणारी समजत होते. अक्षरं तर हवेतूनही जातात. ती वायर कीबोर्डला सतत जागं ठेवत होती. विजेची काळजी नाही, समोरच्याला शोधायला नको, मधेच जोडणी तुटायची भीती नाही. वायर काढली की हे सगळं कीबोर्डला स्वतः कमवावं लागतं, बॅटरीतल्या प्रत्येक मायक्रोअँपिअरचा हिशेब ठेवून. मोकळेपणा मला हवा होता आणि तो मिळाला. खुर्चीत रेलून, मांडीवर ते वजन घेऊन लिहिताना मला खरोखर सुख होतं. पण त्याच्यासाठी मी नेमकं काय देऊन टाकलं, याचा अंदाज मला त्या गहाळ अक्षराने दिला.

मधल्या काळात बाई येऊन गेल्या. मीच बोलावलं होतं. आता त्यांचं वय झालंय, बोटांचे सांधे दुखतात, पण कीबोर्ड समोर ठेवल्याबरोबर दोन्ही तर्जन्या एफ आणि जेवरच्या खुणांवर जाऊन बसल्या. मी मुद्दामच टॅबलेट नव्याने जोडायला ठेवला होता, कारण ते मला त्यांच्या हातून करून घ्यायचं होतं. पडद्यावर सहा आकडे येतात आणि ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं, मगच दोघांमधलं बोलणं कुलूपबंद होतं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताने, खाली न बघता, सहा ठोके मारले. शेवटी तोच जाड एंटर.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, बाई. आता लिहा काहीही."

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, मग कार्यालयाचा जुना पत्ता, मग एका पत्राचा मायना, जो मी निदान हजारदा वाचला असेन. आवाज ऐकत त्या मान डोलावत होत्या. थोड्या वेळाने त्यांना चष्मा ठेवायला जागा हवी होती. त्यांनी कीबोर्ड एका हाताने पुढे सरकवला, आणि परत ओढून घेताना मनगटाला बारीकसा हिसका दिला. सुटून यायला काही नव्हतंच. त्यांचा हात क्षणभर तसाच थांबला. मग त्यांनी कीबोर्ड उचलून मागची बाजू पाहिली, त्या चौकोनी खिडकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, मग याला वीज कुठून?" मी बॅटरीचं सांगितलं. "म्हणजे संपते," त्या म्हणाल्या. हो, संपते. मला वाटत होतं की त्या खूश होतील किंवा नाराज होतील. त्या दोन्ही झाल्या नाहीत. त्यांनी तो पुन्हा मांडीवर घेतला आणि विचारलं, "अंधारात हे तीन दिवे लागत नाहीत का आता?"

ते मी वीज वाचवायला बंद ठेवले होते. एक दिवा पेटता ठेवायला जी वीज लागते तिच्या कितीतरी कमी विजेत चिप आणि रेडिओ दोन्ही चालतात. पण बाईंच्या प्रश्नाने मला माझ्या अडचणीचं उत्तर मिळालं. आता मी दोन बदल केले आहेत. टॅबलेट जवळ आणि चालू असेल तोवर गाढ झोप नाही. जोडणी कायम ठेवायची, मात्र समोरून येणाऱ्या बहुतेक हाकांना ओ द्यायची नाही, बटण दाबलं गेलं तरच द्यायची. ब्लूटूथमध्ये ही सोय आधीपासूनच आहे. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण पहिलं अक्षर पोचतं. आणि टॅबलेटच बंद असेल, किंवा मी दूर गेले असेन आणि जोडणी खरोखर तुटली असेल, तर पहिल्या ठोक्याबरोबर कॅप्स लॉकचा हिरवा दिवा लागतो आणि जोडणी होईपर्यंत लागलेला राहतो. दिवा असेपर्यंतचे आवाज धरायचे नाहीत, दिवा विझला की लिहायचं. कॅप्स लॉकसाठी तो दिवा मला एरवीही लागत नव्हता. ते बटण मी कंट्रोल करून टाकलं आहे, आणि उजवीकडचं ऑल्ट विंडोज-की म्हणून वापरते. १०१ बटणांच्या या कीबोर्डवर विंडोज-की नाही. ती १९९४ साली आली.

झाकण शेवटचं बंद करण्यापूर्वी मूळ बोर्ड स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत घालून केसच्या आतल्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवला. तिथे भरपूर जागा आहे, आणि तो कीबोर्डपासून वेगळा झाला की कधीतरी हरवणार. मूळ वायर खणात आहे, पाठीवरचं १९८९चं लेबल जागच्या जागी. पिशवीला मी एक कागद चिकटवला आहे, हा कीबोर्ड पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी. सोळा रेघांची पट्टी कुठल्या कनेक्टरात होती, आठची कुठल्या, दिव्यांची कुठल्या बाजूने, पत्र्याला जाणारी अर्थिंगची वायर कुठल्या स्क्रूखाली. पट्ट्या सरळ वर ओढा, वाकवू नका, हे अधोरेखित. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, कारण उघडल्यावर तेच आधी वाचलं पाहिजे: बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू किंवा दाबू नका, चार्जिंग बंद करा, ती आधी बाहेर काढा, मग बाकीचं बघा.